जोडलेला माणूस जमिनीवर टेकत का नाही? सावलीच्या नेहमीच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

समारंभाच्या दिवशी जो माणूस घरी नव्हता, त्याला नंतर कुटुंबाच्या समूह छायाचित्रात उभे करून द्यावे, अशी मागणी छायाचित्र संपादनाचे काम करणाऱ्यांकडे वारंवार येते. कटआउट, म्हणजे पार्श्वभूमीतून कापून काढलेली आकृती, स्वच्छ निघतो, उंची जुळते, त्वचेचा रंगही जुळवता येतो. तरीही चित्र पाहणारा त्या माणसावर नेमके बोट ठेवतो आणि ‘हा चिकटवलेला आहे’ असे म्हणतो. मग सावलीचा इफेक्ट वाढवून पाहिला जातो, कमी करून पाहिला जातो, अधिक धूसर करून पाहिला जातो, आणि पुढच्या कामात तीच तक्रार पुन्हा येते. ती पुन्हा येते याचे कारण, माझ्या अनुभवात, बहुतेक वेळा एकच असते: सावली अंदाजाने रंगवली जाते, मोजली जात नाही. मूळ छायाचित्रात इतर माणसांच्या, खांबांच्या आणि कुंड्यांच्या सावल्या आधीच पडलेल्या असतात, आणि नव्या सावलीची दिशा, लांबी, रंग व कडा यांची मापे त्यांच्यातच असतात.

पुढील विवेचनासाठी मी स्वतः केलेले आणि पहिल्या प्रयत्नात चुकवलेले एक काम उदाहरण म्हणून घेतो. पुणे जिल्ह्यातील एका जुन्या घराच्या अंगणात, डिसेंबरच्या मध्यास, सकाळी नऊच्या सुमारास काढलेले ते समूह छायाचित्र होते. खाली शहाबादी फरशी, एका बाजूला तुळशीवृंदावन, मागे साधारण दोन फूट उंच जोत्यावरची ओसरी, आणि सूर्य छायाचित्रकाराच्या उजव्या खांद्यामागे. त्यामुळे सगळ्यांच्या सावल्या डावीकडे आणि मागे ओसरीच्या दिशेने पडल्या होत्या. जो धाकटा मुलगा चित्रात हवा होता, तो लंडनला होता, आणि त्याने पाठवलेले छायाचित्र तिथल्या ढगाळ हवेतील होते.

ड्रॉप शॅडो दिल्यावर माणूस भिंतीवरच्या कागदासारखा दिसतो

ही चूक सर्वांत जास्त आढळते. लेयर म्हणजे चित्राचा एक थर, आणि त्याला लावायच्या तयार परिणामांना लेयर स्टाइल म्हणतात. लेयर स्टाइलमधील ड्रॉप शॅडो संपूर्ण आकृतीची छाया एकाच दिशेला आणि एकाच अंतराने सरकवते. भिंतीपासून बोटभर पुढे धरलेल्या कागदाची सावली अशीच पडते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची मात्र पडत नाही, कारण त्याच्या तळव्यांपाशी हे अंतर शून्य असते आणि डोक्यापाशी सर्वांत अधिक. ड्रॉप शॅडो तळव्यांनाही डोक्याइतकीच दूर सरकवते आणि माणूस अधांतरी होतो. ओपॅसिटी (अपारदर्शकता) किंवा साइज कितीही बदलली तरी ही चूक सुधारत नाही. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलवर क्रिएट लेयर ही आज्ञा दिली की सावली वेगळ्या लेयरवर निघते आणि मग तिला जमिनीवर आडवे पाडता येते. परंतु त्यापेक्षा कटआउटची प्रत घेऊन, ती एका सपाट रंगाने भरून, माणसाच्या लेयरखाली ठेवणे मला अधिक सरळ वाटते. गिम्प या मोफत संपादन प्रणालीतही हाच मार्ग आहे.

दिशा जवळपास बरोबर असते, पण शेजारच्या सावल्यांशी जुळत नाही

सूर्यकिरण परस्परांना समांतर असतात हे खरे असले, तरी छायाचित्रात त्यांच्या सावल्या समांतर दिसत नाहीत. रेल्वेचे रूळ जसे दूरवर एकत्र आल्यासारखे भासतात, तशाच उभ्या वस्तूंच्या सावल्याही क्षितिजावरील एका बिंदूकडे धावतात. शेजारच्या माणसाची सावली जितक्या अंशांत तिरपी आहे तितक्याच अंशांत नवी सावली तिरपी केली, तर ती थोडी चुकते. समूहाच्या एका टोकाला तर ठळकपणे चुकते.

हा बिंदू शोधण्यासाठी वेगळ्या लेयरवर रेघा ओढाव्यात. वृंदावनाच्या एका उभ्या कडेच्या पायापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत एक रेघ आणि ओसरीच्या बाहेर उभ्या असलेल्या एखाद्या माणसाच्या टाचेपासून त्याच्या सावलीच्या डोक्याकडे दुसरी रेघ ओढून दोन्ही पुढे वाढवल्या की त्या जिथे मिळतात, तो सावल्यांचा बिंदू. अंगणात क्षितिज दिसत नसले तरी फरशीचे समांतर सांधे वाढवून ते सापडते, आणि कॅमेरा सरळ धरलेला असेल तर सावल्यांचा बिंदू त्याच रेषेवर आला पाहिजे. नाही आला, तर आपण चुकीची सावली निवडली आहे किंवा जमीन उताराची आहे.

लांबीचेही तसेच आहे. वृंदावनाच्या माथ्यापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढावी, दुसऱ्या माणसाच्या डोक्यापासून त्याच्या सावलीच्या डोक्यापर्यंत ओढावी, आणि दोन्ही वाढवाव्यात. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असेल तर त्या क्षितिजाच्या खाली, सावल्यांच्या बिंदूच्या बरोबर खालच्या बाजूस मिळतात. सूर्य कॅमेऱ्यासमोर असेल तर क्षितिजाच्या वर, खुद्द सूर्याच्या जागी मिळतात. आता नव्या माणसाच्या टाचेतून पहिल्या बिंदूकडे आणि डोक्यातून दुसऱ्या बिंदूकडे रेघ ओढली की त्या दोन रेघा जिथे छेदतात, तिथे त्याच्या सावलीचे डोके यायला हवे. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि त्यानंतर दिशेबद्दल वाद उरत नाही.

चित्रात मोजण्याजोगी एकही सावली नसेल, तर छायाचित्र काढल्याची वेळ उपयोगी पडते, आणि ती बहुधा फाइलमध्येच नोंदलेली असते. पुण्यात डिसेंबरच्या मध्यास सकाळी नऊला सूर्य क्षितिजापासून सुमारे २४ अंशांवर असतो, म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सपाट जमिनीवरील सावली सुमारे ३८० सेंटिमीटर लांब पडते. त्याच दिवशी माध्यान्ही सूर्य ४८ अंशांवर येतो आणि सावली साधारण १५३ सेंटिमीटरची होते. मेच्या मध्यास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या सुमारास भर दुपारी काढलेल्या छायाचित्रातील माणसाला लांब तिरपी सावली जोडणे म्हणजे चित्रातील घामावर अविश्वास दाखवण्यासारखे आहे.

दिशा आणि लांबी बरोबर असूनही सावली त्या माणसाची वाटत नाही

येथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला असा की आपण कॅमेऱ्याला दिसणारी आकृती आडवी पाडतो. परंतु सावलीत पडते ती सूर्याला दिसणारी आकृती. सूर्य कॅमेऱ्याच्या बरोबर मागे किंवा समोर असेल तर दोन्ही सारख्याच असतात आणि ही युक्ती निभावून जाते. सूर्य बाजूला असेल, तर समोरून दोन्ही हात वेगळे दिसणाऱ्या माणसाची सावली एकशिवडी पडते, हात धडात विरतात आणि चेहऱ्याऐवजी नाकाची रेघ उमटते. आमच्या चित्रात सूर्य अर्धा बाजूला होता, म्हणून समोरची आकृती जरा अरुंद करून आणि डावा हात मिटवून भागले असते असे मला आधी वाटले. भागले नाही. उपाय दोन आहेत: सूर्याच्या जागेवरून घेतलेले दुसरे छायाचित्र मिळवणे, किंवा ब्लेंडरसारख्या त्रिमितीय प्रणालीत साधा मानवी पुतळा उभा करून त्याची सावली काढणे. ब्लेंडरमध्ये जमिनीला शॅडो कॅचर (फक्त सावली झेलणारा पृष्ठभाग) करता येते आणि सन या दिव्याला कोनीय आकार देता येतो, त्यामुळे पायऱ्या किंवा ओबडधोबड जागा असल्यास हा मार्ग हाताने रंगवण्यापेक्षा लवकर उरकतो.

दुसरा दोष पायांचा आहे. माणूस क्वचितच दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभा राहतो. एक पाय कॅमेऱ्याकडे, दुसरा थोडा मागे असतो. डिस्टॉर्ट किंवा पर्स्पेक्टिव्हने संपूर्ण सावली एकदम फिरवली की ती एका टाचेला जुळते आणि दुसरीपासून सुटते. फोटोशॉपमधील पपेट वॉर्प वापरून प्रत्येक टाचेवर एक खुंटी रोवावी, किंवा गिम्पमधील केज ट्रान्सफॉर्मच्या पिंजऱ्याचे बिंदू प्रत्येक टाचेभोवती ठेवावेत, आणि नंतरच डोक्याकडचा भाग ओढावा. साडी नेसलेल्या स्त्रीच्या बाबतीत पाय दिसतच नाहीत. तेथे सावली निऱ्यांच्या पूर्ण घेरापासून सुरू झाली पाहिजे, आणि काठ जमिनीला टेकलेला नसेल तर त्याखाली काळोखाची एक बारीक फट राहिली पाहिजे.

सावली जिथे जमीन सोडून भिंतीवर चढते, तिथे ती वळते. मुलाला जिथे उभे करायचे होते, तिथून सावलीच्या दिशेने जोते साधारण २०० सेंटिमीटरवर होते आणि त्याची उंची ६० सेंटिमीटर. सूर्य २४ अंशांवर धरला तर या अंतरात किरण सुमारे ८९ सेंटिमीटर खाली उतरतो. म्हणजे पायांची सावली फरशीवर, कमरेखालपासून हनुवटीपर्यंतची सावली जोत्याच्या उभ्या अंगावर आणि फक्त डोके ओसरीच्या जमिनीवर, जोत्याच्या कडेपासून जेमतेम ४७ सेंटिमीटर आत. मी पहिल्या प्रयत्नात ३८० सेंटिमीटरची संपूर्ण सावली फरशीच्याच उताराने पुढे नेली होती, जणू जोते तिथे नव्हतेच. घरच्यांना नेमके काय चुकले ते सांगता आले नाही, पण चित्र मात्र परत आले. अशा ठिकाणी सावलीच्या लेयरचे तीन तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा त्या त्या पृष्ठभागाच्या कलानुसार बसवावा आणि सांधे जोत्याच्या कडांवर बरोबर मिळवावेत.

सावली काळी किंवा राखाडी, डागासारखी दिसते

शुद्ध काळा रंग भरून मल्टिप्लाय (खालच्या रंगाला वरच्या रंगाने गुणून गडद करणारा लेयर मोड) लावणे आणि ओपॅसिटी निम्म्यावर आणणे, ही सवय इतकी रुळली आहे की ती चूक आहे हेच कोणाला वाटत नाही. मोकळ्या उन्हातील सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव नव्हे. तेथे सूर्याचा थेट प्रकाश थांबतो, परंतु आकाशाचा विकिरित निळसर प्रकाश आणि आजूबाजूच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश पोहोचतच राहतो. म्हणून उन्हातील फरशी उबदार दिसते आणि सावलीतील फरशी थंड. काळा रंग तिन्ही रंगघटकांना सारखेच दाबतो आणि हा फरक पुसून टाकतो.

गडदपणा आणि रंग दोन्ही एकदम मोजण्याची रीत सोपी आहे. आयड्रॉपरचा, म्हणजे रंग टिपणाऱ्या साधनाचा, नमुना एका पिक्सेलवर न ठेवता पाच बाय पाचच्या सरासरीवर ठेवावा आणि एकाच प्रकारच्या फरशीवर, एकदा उन्हात व एकदा खऱ्या सावलीत, मूल्ये टिपावीत. आमच्या चित्रात उन्हातील फरशी लाल, हिरवा, निळा या क्रमाने १९६, १८८, १७६ अशी होती आणि सावलीतील ८४, ९०, १००. सावलीचे मूल्य उन्हाच्या मूल्याने भागून २५५ने गुणले की लाल १०९, हिरवा १२२ आणि निळा १४५ असा रंग मिळतो. सावलीचा लेयर या रंगाने भरावा, मल्टिप्लाय लावावा आणि ओपॅसिटी पूर्ण १०० ठेवावी. फरशीवर नवी सावली जुन्या सावलीइतकीच गडद आणि तितकीच निळसर उतरते. जोत्याच्या चुन्यासारख्या वेगळ्या उजळ पृष्ठभागावर हे गुणोत्तर थोडे बदलते, म्हणून त्या तुकड्यासाठी नमुना तिथूनच घ्यावा. गिम्प वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: २०१८ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून तेथील नेहमीचा मल्टिप्लाय रेषीय प्रकाशमूल्यांवर चालतो, त्यामुळे वरील आकडे त्यात जसेच्या तसे लागू होत नाहीत. लेयर मोडच्या यादीशेजारील बटणाने लेगसी (जुन्या पद्धतीचा) गट निवडून तेथील मल्टिप्लाय घेतला की हिशेब जुळतो.

याच सदरातील दुसरी तक्रार अशी की नवी सावली एखाद्या जुन्या सावलीवरून जाते तेथे दुप्पट काळी होते. जिथे सूर्य आधीच अडलेला आहे, तिथे दुसऱ्या कोणी तो पुन्हा अडवल्याने काहीच वाढत नाही. ओसरीच्या छपराची सावली, शेजारच्या काकांची सावली, वृंदावनाची सावली, या सर्व भागांत नव्या सावलीच्या लेयरवर मास्क (भाग झाकणारा पडदा) लावून ती पूर्ण पुसावी. दोन माणसे जोडायची असल्यास त्यांच्या सावल्या आधी एकाच लेयरवर एकत्र कराव्यात आणि मग मल्टिप्लाय लावावा. झाडाखालचे प्रसंग तर अगदी वेगळे असतात: तिथे जमिनीवर सावलीच असते आणि तिच्यावर कवडसे पडलेले असतात, म्हणून माणसाची सावली रंगवायची नसते, त्याच्या आकारात येणारे कवडसे तेवढे विझवायचे असतात.

कडा सगळीकडे सारख्याच धूसर

शाळेतील प्रच्छाया (पूर्ण सावली) आणि उपच्छाया (कडेची अर्धवट सावली) येथे कामास येतात. सूर्य हा बिंदू नसून आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे अडथळ्यापासून किरण जितका लांब जातो, त्या लांबीच्या साधारण १०८ व्या भागाइतकी कड मऊ होते. घोट्याची सावली अवघा पाव मीटर प्रवास करते, म्हणून तिची कड दोन मिलिमीटरचीच असते, म्हणजे जवळजवळ धारदार. सपाट जमिनीवर डोक्याची सावली २४ अंशांच्या उन्हात चार मीटरहून अधिक प्रवास करते, आणि तिची बाजूची कड सुमारे चार सेंटिमीटर पसरते. चित्रात एक मिलिमीटरला एक पिक्सेल असेल, तर डोक्याकडे धूसर करणाऱ्या गॉशियन ब्लरचा रेडियस दहाच्या आसपास आणि पायाकडे एकपेक्षाही कमी लागतो. आमच्या चित्रात जोत्यामुळे किरणांचा प्रवास कमी झाला होता, म्हणून डोक्याकडेही सात पुरला.

फोटोशॉपमधील फील्ड ब्लरने टाचेवर व डोक्यावर वेगवेगळी मूल्ये देता येतात. ती सोय नसेल तर सावलीच्या तीन प्रती वेगवेगळ्या प्रमाणात धूसर करून ग्रेडियंटच्या मास्कने एकमेकींत मिसळाव्यात. दोन प्रती घेतल्या तर मध्ये गुडघ्यांपाशी दुहेरी कड दिसते. येथे आणखी एक गैरसमज आढळतो: सावली डोक्याकडे फिकी होत जाते असे समजून अनेक जण तिला ग्रेडियंटने पुसट करतात. उन्हात रुंद भागाची सावली मध्यभागी तितकीच गडद राहते, फक्त कड पसरते. हातांची बोटे किंवा मोकळे केस यांसारखे बारीक भाग मात्र दूरवर खरोखरच विरतात. सपाट रंगवलेल्या भिंतीवर मऊ कडेत पट्टे दिसू लागल्यास फाइल १६ बिटांत न्यावी किंवा सावलीत किंचित नॉइज मिसळावा. फरशीच्या पोतावर हा त्रास सहसा होत नाही.

एवढे करूनही तळवे टेकत नाहीत

तळवा आणि जमीन यांच्या सांध्यात आकाशाचा प्रकाशही शिरत नाही, म्हणून तिथे उन्हाच्या सावलीपेक्षा काळी अशी एक बारीक रेघ असते. तिला दिशा नसते. ती ढगाळ हवेतही असते, आणि सभागृहात चार बाजूंनी दिवे असतील तेव्हा बहुधा तीच काय ती ठळक दिसते. वेगळ्या मल्टिप्लाय लेयरवर, गडद तपकिरी रंगाच्या लहान ब्रशने, बुटाच्या टाचेखाली व चवड्याखाली ती काढावी आणि तळव्याचा मधला उचललेला भाग मोकळा सोडावा. जाडी बुटाच्या तळाच्या जाडीहून कमीच असावी. कटआउट काढताना बुटाखालची मूळ रेघ जपून ठेवली असेल तर हे कामही वाचते. बहुतेक जण ती घाण समजून आधीच पुसून टाकतात.

सावली निर्दोष, तरी माणूस परका

आता दोष सावलीत नसतो. उजवीकडून ऊन असताना घरच्या सगळ्यांच्या नाकाची सावली चित्रात डावीकडे दिसणाऱ्या गालावर आणि हनुवटीची सावली गळ्यावर होती. लंडनच्या मुलाचा चेहरा मात्र ढगाळ प्रकाशात सपाट उजळलेला होता. ज्याच्या अंगावर ऊन नाही, त्याची जमिनीवर कडक सावली पडलेली डोळ्याला पटत नाही, मग तिचे माप कितीही अचूक असो. कर्व्ह्ज या उजेड आणि रंग बदलणाऱ्या साधनाने एक बाजू गडद आणि दुसरी उबदार करता येते, पण चेहऱ्यावर ही रंगरंगोटी लगेच कळते. प्रकाश उलट बाजूचा असेल तर आकृती आडवी उलटवण्याचा मोहही टाळावा: शर्टाची बटणपट्टी, मनगटातले घड्याळ आणि केसांचा भांग बाजू बदलतात, आणि नेहमी डाव्या खांद्यावरून पदर घेणारी मावशी चित्रात उजव्या खांद्यावरून पदर घेऊन उभी राहिली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ते कोणाच्याही आधी लक्षात येते.

शेवटी मी नवे छायाचित्र मागवले. लंडनला डिसेंबरच्या मध्यानंतर सूर्य माध्यान्हीही सुमारे १५ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे आमच्या २४ अंशांपेक्षा ऊन खालून येणार होते. परंतु चेहऱ्यावर नऊ अंशांचा फरक सहसा खुपत नाही, बाजू चुकली तर लगेच खुपते. म्हणून कळवले ते इतकेच: ऊन पडेल त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मोकळ्या जागेत उभे राहावे, छायाचित्र काढणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागे सूर्य असावा, बुटांसह पूर्ण उंची चित्रात यावी, आणि जागचे न हलता लगेच दुसरे छायाचित्र काढावे, ज्यात काढणारा स्वतः सूर्याच्या बाजूला जाऊन, सूर्याकडे पाठ करून उभा असेल. आठ दिवसांनी ऊन पडले आणि दोन्ही छायाचित्रे आली. पहिल्यातून मुलगा घेतला, दुसऱ्यातून फक्त त्याची बाह्याकृती काढून १०९, १२२, १४५ या रंगाने भरली आणि तीन तुकड्यांत फरशी, जोते व ओसरी यांवर बसवली.